छज्ज्याचं प्लास्टर पडलं, पण जखमी ‘आपला मेंबर’ नाही. मग जबाबदारी कोणाची?

माधवी_ठाणे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. प्रश्न कायद्याचा आहे, पण सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाला लागू होतो, म्हणून इथे धागा काढते.

आमची इमारत जुनी, तीस वर्षांच्या पुढची. पावसाळ्याच्या तोंडावर दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्याचं प्लास्टर सुटलं आणि खालून सायकल घेऊन निघालेल्या, दूध टाकणाऱ्या मुलाच्या खांद्यावर पडलं. हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली. घर हातावर पोट असलेलं. किटली उचलता येत नाही, म्हणजे कमाई बंद.

मी मॅनेजिंग कमिटीवर आहे. सभेत त्याच्या खर्चाचा विषय काढला तर उत्तर आलं, “तो आपला मेंबर नाही, भाडेकरू नाही, पगारी माणूस नाही. त्याचा व्यवहार ज्या घरांत दूध जातं त्यांच्याशी. माणुसकी म्हणून पाच हजार देऊ, पण जबाबदारी वगैरे म्हणू नका.” त्यापुढचं मला जास्त खटकलं. त्याच छज्ज्यातून पाणी झिरपतंय, सळया उघड्या पडल्यात, असं एका मेंबरने फोटोसकट सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधीच टाकलं होतं. आता सेक्रेटरींचं म्हणणं, हा विषय इतिवृत्तात घ्यायचा नाही, लेखी आलं की अंगाशी येईल.

ज्याच्याशी आपला कसलाच करार नाही अशा माणसाबद्दल कायदा आपल्यावर काही कर्तव्य टाकतो का? टाकत असेल तर ते कुठवर जातं? गेटसमोरून जाणाऱ्या प्रत्येकापर्यंत? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं, मला पुढच्या सभेत बोलायचं आहे.

रानवाटा

वाचतोय. मी ट्रेक नेतो, त्यामुळे माझाही यात एक प्रश्न आहे. आधी उत्तरं येऊ देत, मग विचारतो.

अ‍ॅड_सातारकर

माधवीताई, “करार नाही, म्हणून जबाबदारी नाही” हा युक्तिवाद एके काळी ब्रिटनच्या कोर्टांत बहुतेक वेळा जिंकायचा. १९३२ नंतर त्याचा पाया गेला. आपल्याकडेही तो टिकत नाही.

निष्काळजीपणा हे दिवाणी अपकृत्य आहे, म्हणजे करार नसतानाही जिची भरपाई मागता येते अशी चूक. नुकसानभरपाई मागणाऱ्याला दाखवावं लागतं की समोरच्यावर माझ्याबाबतीत काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, त्यात त्याने कसूर केली, आणि त्या कसुरीमुळेच माझं नुकसान झालं. भारतात यासाठी वेगळी संहिता नाही, सगळं निकालांमधून उभं राहिलं आहे. आपण लोक एकदम ‘चूक कोणाची’ इथे जातो. कोर्ट त्याच्या एक पायरी अलीकडे थांबतं आणि विचारतं, ज्याला लागलं त्याचा विचार तुम्ही आधी करायला हवा होता का? कमिटीचं अडलंय ते याच पायरीवर.

हा प्रश्न ज्या खटल्याने सोडवला तो डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन. २६ ऑगस्ट १९२८ ची संध्याकाळ, स्कॉटलंडमधलं पेस्ली गाव. मे डोनोह्यू ही दुकानात काम करणारी बाई एका ओळखीच्या व्यक्तीबरोबर वेलमेडो कॅफेत गेली. पैसे त्या ओळखीच्या व्यक्तीने दिले. आइस्क्रीमवर जिंजर बिअर ओतून आली. बाटली गडद रंगाची, आतलं काही दिसत नव्हतं. थोडं खाऊन झाल्यावर उरलेली बिअर ओतली तेव्हा कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असं तिचं म्हणणं. ती आजारी पडली. पण दावा लावायचा कोणावर? कॅफेवाल्याशी करार तिचा नव्हता, पैसे दुसऱ्याने दिले होते. बाटली भरणाऱ्या डेव्हिड स्टीव्हन्सनला तर ती ओळखतही नव्हती.

हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च कोर्टाने, २६ मे १९३२ ला तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला: उत्पादकावर कर्तव्य आहे, करार असो वा नसो. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी त्यात जो नियम मांडला त्याला शेजाऱ्याचं तत्त्व म्हणतात. माझ्या शब्दांत: तुमच्या कृतीने किंवा काही न करण्याने इजा होईल हे समंजस माणसाला आधी दिसू शकतं, ती टाळण्यासाठी वाजवी काळजी घ्या. ती कोणासाठी घ्यायची? तर तुमच्या कृतीचा ज्यांच्यावर इतका जवळून आणि थेट परिणाम होतो की ती करताना ते तुमच्या मनात यायलाच हवेत, त्या सगळ्यांसाठी.

आता हे तुमच्या गेटमध्ये आणा. छज्जा सुटायला आलाय आणि त्याखालून रोज पहाटे दूधवाला, पेपरवाला, कामाला येणाऱ्या मावशी, शाळेच्या रिक्षाची वाट पाहणारी मुलं जातात. यातला कोण तुमच्या मनात यायला नको? दुधाचे पैसे घरोघरी मिळतात की सोसायटीच्या खात्यातून, याने प्लास्टर वेगळ्या दिशेने पडत नाही.

माधवी_ठाणे

मनापासून आभार. पण हे स्कॉटलंडचं झालं. सभेत कोणी म्हणालं “भारतात काय?” तर?

अ‍ॅड_सातारकर

त्यासाठी दिल्लीचा खटला अगदी चपखल आहे. चांदणी चौकातलं घंटाघर १९५१ मध्ये कोसळलं आणि खाली माणसं मेली. त्यांच्या वारसांनी दावे लावले. दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभागवंती, सर्वोच्च न्यायालय, १९६६. घंटाघर ऐंशी वर्षांचं होतं. ज्या प्रकारचा चुना-मसाला वापरला होता त्यावरून त्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं, असं तज्ज्ञाने सांगितलं होतं. बाहेरून धोका दिसत नव्हता, हा बचाव कोर्टाने ऐकला नाही. रस्त्यालगत इमारत ज्याच्या ताब्यात आहे त्याने ती सुस्थितीत ठेवायची. दोष उघड असो की आत दडलेला, रस्त्याने जाणाऱ्याला इजा झाली तर उत्तर त्याने द्यायचं.

याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. नीट राखलेली इमारत आपोआप अंगावर पडत नाही. त्यामुळे अशा प्रकरणात पडणं हाच निष्काळजीपणाचा प्राथमिक पुरावा धरता येतो, आणि ‘आम्ही काळजी घेतली होती’ हे दाखवायचं ओझं मालकावर येतं. तुमच्या दूधवाल्याला छज्ज्याच्या आतल्या सळया दाखवत बसावं लागणार नाही. सोसायटीला मात्र ऑडिट कधी केलं, दुरुस्ती कधी केली, हे दाखवावं लागेल.

क्लाइडकाठ

मी ग्लासगोजवळच राहतो, म्हणून पेस्लीबद्दल दोन शब्द. तो कॅफे आता नाही, त्या जागी छोटीशी स्मृतिशिला आहे. गोगलगाय बाटलीत खरंच होती का, हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे प्रश्न एवढाच होता की बाईचं म्हणणं खरं धरलं तर कायद्याने दावा उभा राहतो का. पुढे स्टीव्हन्सन वारला आणि २०० पौंडांवर तडजोड झाली. मूळ मागणी ५०० पौंडांची होती. माझ्या मनात जास्त राहिलेली गोष्ट म्हणजे तिची परिस्थिती. पाच पौंडांचीही ऐपत नाही असं प्रतिज्ञापत्र देऊन ती एवढ्या वरच्या कोर्टात गेली.

माधवीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे कर्तव्य कुठे संपतं याला, इथलाच एक खटला आहे. एडिंबरा, १९३८. एक गरोदर कोळीण ट्रामच्या आडून आपली माशांची पाटी उचलत होती. ट्रामच्या पलीकडे वेगात आलेला मोटरसायकलवाला गाडीवर आदळून मेला. तिने अपघात पाहिला नाही, आवाज ऐकला. नंतर रस्त्यावरचं रक्त पाहिलं. धक्का बसला, पुढे मूल मृत जन्मलं. तिने मोटरसायकलवाल्याच्या मालमत्तेवर दावा लावला. बोरहिल विरुद्ध यंग, १९४२. हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणालं, त्याची इतरांप्रती कसूर होती हे खरं, पण ट्रामच्या पलीकडच्या या बाईला इजा होईल हे त्याला आधी दिसण्यासारखं नव्हतं. दावा फेटाळला. वाचून वाईट वाटतं, पण मुद्दा कळतो. एकाबाबतीत केलेली कसूर जगातल्या प्रत्येकाला दावा मिळवून देत नाही.

दूधवाला मात्र ट्रामच्या पलीकडे नव्हता, छज्ज्याच्या बरोबर खाली होता.

स्थापत्य_कोल्हापूर

सरकारी बांधकाम खात्यात आयुष्य गेलं. कायदा वकीलसाहेबांनी सांगितला, ‘आधी दिसण्यासारखं होतं का’ याचं तांत्रिक उत्तर मी देतो.

छज्जा एका रात्रीत सुटत नाही. वरच्या बाजूचं वॉटरप्रूफिंग गेलं की पाणी मुरतं. काँक्रीट सळईचं संरक्षण करायचं थांबतं, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे सळई आतून काँक्रीटला बाहेर ढकलते. आधी सळईच्या रेषेत केसासारखी चीर दिसते. मग तांबूस ओघळ. मग फुगवटा. लहान हातोडीने ठोकून बघा, चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी पोकळ, दबका. हे सगळं व्हायला एक-दोन पावसाळे सहज जातात. म्हणजे इमारत तेवढा वेळ आधी सांगत असते. सळया उघड्या दिसेपर्यंत थांबलात तर शेवटची सूचनाही मिळून गेली.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत, स्ट्रक्चरल ऑडिटची तरतूद आहे: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा, तिशीच्या पुढे तीन वर्षांतून एकदा. शिवाय महापालिका कायद्यांतही तीस वर्षांवरच्या इमारतींना तपासणी सक्तीची आहे. मुंबईत कलम ३५३ब, ठाण्यासारख्या इतर महापालिकांत कलम २६५अ. तुमचं शेवटचं ऑडिट कधी झालं ते आधी बघा.

आणि एक कळकळीची विनंती. दुरुस्तीचे पैसे जमेपर्यंत थांबू नका. सुटलेलं प्लास्टर मजूर लावून आजच पाडून घ्या, खाली पत्र्याचं छत किंवा जाळी लावा, दोर बांधून तो पट्टा बंद करा. याला फार खर्च येत नाही. दुरुस्ती दिवाळीनंतर केलीत तरी चालेल, माणूस मात्र खालून उद्याच जाणार आहे.

सुमेधा_प

फार माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली. आमच्याकडे रंगकाम चालू आहे. परांचीवरून कंत्राटदाराचा माणूस पडला तर सोसायटी त्यातही येते का?

अ‍ॅड_सातारकर

सुमेधाताई, पहिली जबाबदारी कंत्राटदाराची. सामाजिक सुरक्षा संहितेखाली (नोव्हेंबर २०२५ पर्यंत यासाठी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता) त्याला कामगाराची भरपाई द्यावीच लागते, तिथे चूक सिद्ध करण्याची अटही नाही. पण स्वस्त पडतो म्हणून विमा नसलेला, पट्टे-हेल्मेट न देणारा कंत्राटदार तुम्ही निवडलात, आणि कामगार पट्ट्याशिवाय लोंबकळतोय हे रोज पाहूनही बोलला नाहीत, तर सोसायटीने स्वतः कसूर केली असा दावा लागू शकतो. करार करताना विम्याची प्रत मागून घ्या.

खजिनदार_डोंबिवली

सगळं पटतंय, तरी दुसरी बाजू मांडतो. आमच्या सोसायटीत कमिटीवर यायला माणूस मिळत नाही. सगळे नोकरी सांभाळून, बिनपगारी राबणारे. निम्मे मेंबर मेंटेनन्स थकवतात, मोठ्या दुरुस्तीचा ठराव सर्वसाधारण सभेत हाणून पाडतात. मग काही झालं की नाव कमिटीचं. प्रत्येक पोपड्यासाठी कायदा आमच्या मानेवर बसणार असेल तर उद्या कमिटीच उरणार नाही. आणि माधवीताईंच्या सेक्रेटरींची भीतीही मला समजते. लेखी आलं तर पुरावा तयार होतोच ना?

अ‍ॅड_सातारकर

खजिनदारसाहेब, तुमची अडचण खरी आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

कर्तव्य वाजवी काळजीचं आहे, अपघात कधीच होणार नाही अशा हमीचं नाही. ऑडिट केलं, अहवाल सभेपुढे ठेवला, धोक्याची जागा लगेच बंद केली, पैशासाठी ठराव मांडला, थकबाकीदारांना नोटिसा दिल्या, तर सोसायटीची बाजू भक्कम होते. भरपाईचा दावा मुळात सोसायटीवर लागतो, ती कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. भरपाई द्यावी लागली तर ती सगळ्या सदस्यांच्या पैशातून जाते, ठराव हाणून पाडणाऱ्यांच्याही. हे सभेत जरूर सांगा. फौजदारी बाजू मात्र व्यक्तिगत असते. माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे निष्काळजीपणा नुसता असून भागत नाही, ढळढळीत असावा लागतो. धोका माहीत असून काहीही केलं नाही, हे त्या व्याख्येच्या जवळ जातं.

आता इतिवृत्ताचं. फोटो ग्रुपवर आलेला आहे, तारखेसकट, पन्नास-साठ फोनमध्ये. धोका कळला होता हे त्यावरूनच सिद्ध होतं. इतिवृत्त कोरं ठेवलं की एवढंच दिसतं की कळल्यावर कमिटीने काहीच केलं नाही. उलट “अमुक तारखेला फोटो मिळाला, दुसऱ्या दिवशी पट्टा बंद केला, अभियंत्याला बोलावलं” ही नोंद असेल तर तीच कमिटीचा सगळ्यात मोठा आधार ठरते. माझ्या वकिलीत मी पाहिलंय, कोर्टापुढे अडचण येते ती कोऱ्या इतिवृत्ताने. प्रामाणिकपणे लिहिलेल्या नोंदीने सहसा वाचवलेलंच असतं.

सोसायटीच्या विम्यात त्रयस्थ व्यक्तीच्या इजेचं संरक्षण आहे का तेही तपासा. बहुतेक ठिकाणी आग आणि भूकंपाचा विमा असतो, हे कलम घेतलेलंच नसतं.

डॉ_मीरा_नाशिक

या विषयावर आम्हा डॉक्टरांइतका विचार क्वचितच कोणाला करावा लागत असेल. आमचं कर्तव्य कधी सुरू होतं हे ज्या निकालाने सांगितलं तो आपल्याच मातीतला आहे. जोशी विरुद्ध गोडबोले, सर्वोच्च न्यायालय, १९६८. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर मे १९५३ मध्ये विशीतल्या एका मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला टॅक्सीने पुण्याला आणलं. तिथे हाड बसवताना पूर्ण भूल न देता जोर लावून पाय ओढला, असा निष्कर्ष खालच्या कोर्टाने काढला. मुलगा त्याच दिवशी गेला. आईवडिलांना ३,००० रुपये भरपाई मिळाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

त्या निकालातलं कर्तव्याचं वर्णन मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. रुग्ण स्वीकारायचा की नाही हे ठरवतानाच काळजीचं कर्तव्य सुरू होतं. मग कोणते उपचार द्यायचे हे ठरवताना, आणि मग ते देताना. यातल्या पहिल्या टप्प्याचा विचार आपण कमी करतो. मला जमणार नाही अशी केस मी घेणं, ही सुद्धा कसूर आहे.

दुसरा महाराष्ट्रातलाच. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन, १९९६. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात टॉवेल राहिला आणि बाळंतीण दगावली. नेमका कोणाच्या हातून राहिला हे सिद्ध झालं नाही तरी शासन जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. पण हे व्हायला तेहेतीस वर्षं लागली. ज्या बाळाच्या जन्मानंतर ती शस्त्रक्रिया झाली ते तोवर तिशी ओलांडून गेलं असेल. कर्तव्य किती सुंदर शब्दांत लिहिलंय याला त्या घरात काय अर्थ उरतो, हा विचार मला सोडत नाही.

माझ्या पेशाची बाजूही सांगते. रुग्ण गेला म्हणजे डॉक्टर चुकला, असं नाही. त्या क्षेत्रातल्या जबाबदार डॉक्टरांना मान्य असलेली पद्धत वापरली असेल तर ती कसूर ठरत नाही. हा १९५७ चा बोलॅम खटल्याचा नियम जेकब मॅथ्यू निकालात २००५ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मानला. तो नसता तर अवघड केस कोणी हातातच घेतली नसती.

सुमेधा_प

डॉक्टर, रस्त्यावर अपघात झालेला माणूस दिसला तर मदत करणं हे कायदेशीर कर्तव्य आहे का?

डॉ_मीरा_नाशिक

तातडीच्या रुग्णाला डॉक्टरने मदत करायलाच हवी, पोलिसी सोपस्कार नंतर. परमानंद कटारा निकाल, १९८९. सरकारी असो वा खासगी, सगळ्यांना लागू. सामान्य माणसाबद्दल वकीलसाहेब सांगतील.

अ‍ॅड_सातारकर

ज्याचा अपघाताशी संबंध नाही अशा वाटसरूवर वाचवण्याचं सर्वसाधारण कर्तव्य नाही. आपल्या कायद्याचा हा भाग मला कायम अपुरा वाटत आला आहे. मात्र अपघातात ज्याची गाडी होती त्या चालकावर जखमीला दवाखान्यात पोचवण्याचं कर्तव्य मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने टाकलंय. आणि २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १३४अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय: सद्भावनेने मदत करताना काही चुकलं तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई नाही, पोलिसांना नाव सांगण्याची सक्ती नाही. हे लोकांना माहीत नाही म्हणून गर्दी नुसती बघत उभी राहते. कृपया पुढे पोचवा.

रानवाटा

आता माझा प्रश्न. आम्ही सह्याद्रीत ट्रेक नेतो. प्रत्येकाकडून “मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे” अशा फॉर्मवर सही घेतो. पावसाळ्यात धबधब्याखाली, कड्यावर गर्दी वाढलीय. त्या सहीला कोर्टात किती किंमत?

अ‍ॅड_सातारकर

तुम्हाला वाटते त्याहून बरीच कमी. सही करणारा डोंगराचा स्वाभाविक धोका स्वीकारतो: घसरणं, दमणं, पावसात भिजणं. दोर जुना होता, पाण्याचा अंदाज न घेता ओढा ओलांडायला लावला, तीस जणांमागे एकच लीडर होता, हे धोके त्याने स्वीकारलेले नसतात. अल्पवयीन मुलाच्या सहीला तर अर्थच नाही.

शाळेच्या सहलींबाबत एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद, २००१, हा निकाल वाचा. पठाणकोटजवळच्या शाळेची मुलं १९९५ च्या मेमध्ये बियास नदीवर सहलीला गेली होती, त्यातली चौदा बुडाली. मुलं सोबत नेणाऱ्यावर पालकाइतक्याच काळजीचं कर्तव्य येतं, आणि शिक्षकांच्या कसुरीला शाळेचं व्यवस्थापनही उत्तरदायी. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई कायम ठेवली. आपल्याकडे २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची मुलं गेली, ते दुःख अजून ताजं आहे.

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात नोंदणी आणि सुरक्षेचे निकष आहेत. ते पाळले नाहीत तर कसूर दाखवणं समोरच्याला सोपं जातं.

रानवाटा

धन्यवाद. फॉर्म ठेवू, पण त्याच्या भरवशावर राहणार नाही. गटाची संख्या कमी करतोच आहे. ओढ्याला पाणी असेल तर मागे फिरायचं, हा नियम लेखी करून सहभागींना आधीच पाठवेन.

खजिनदार_डोंबिवली

वकीलसाहेब, इतिवृत्ताचा मुद्दा पटला, पुढच्या सभेत मांडतो. पण सोसायटीला एवढे कडक नियम आणि महापालिकेला? रस्त्यावरचं झाड अंगावर पडून माणसं मरतात, उघड्या मॅनहोलमध्ये वाहून जातात. तिथे कर्तव्य कोणाचं?

अ‍ॅड_सातारकर

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. राजकोट महानगरपालिका विरुद्ध मंजुळबेन नकुम, १९९७. १९७५ मध्ये ऑफिसला पायी निघालेल्या माणसावर रस्त्याकडेचं झाड पडलं, तो गेला. खालच्या कोर्टाने आणि उच्च न्यायालयाने विधवेच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. झाड पडेल हे पालिकेला आधी कळण्यासारखं नव्हतं, आणि प्रत्येक झाडामागे अशी जबाबदारी टाकली तर झाडं लावण्याच्या लोकहिताच्या कामावरच बोजा येईल, असा विचार त्यात आहे.

मला हा निकाल पटत नाही. चांदणी चौकातल्या घंटाघराला जो न्याय लावला तो झाडाला का नाही? वाळलेली फांदी, पोखरलेलं खोड, मुळाशी ओतलेलं काँक्रीट, हे डोळ्यांना दिसतं. आपल्याकडे तर १९७५ पासून नागरी वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, झाडांची गणना होते. ज्याच्याकडे झाडांची नोंद आहे त्याला ‘दिसलं नाही’ म्हणायला जागा उरू नये.

क्लाइडकाठ

थोडा मतभेद. असे दावे फेटाळण्यामागची भीती इथल्या, ब्रिटनच्या कोर्टांतही आहे. १९९० च्या कपारो निकालाने इजा आधी दिसण्यासारखी होती का आणि संबंध पुरेसा जवळचा होता का, यांच्या जोडीला ‘कर्तव्य लादणं न्याय्य आणि वाजवी ठरेल का’ हेही विचारायला लावलं. मर्यादित पैशात काय आधी करायचं हे पालिकेने ठरवावं की न्यायाधीशाने, हा प्रश्न खरा आहे. लाखो झाडं असलेल्या शहरात प्रत्येक फांदी तपासणं शक्य नाही.

अ‍ॅड_सातारकर

प्रत्येक फांदीची अपेक्षा नाहीच. पण रहिवाशाने तक्रार दिली, पोच मिळाली, आणि मग महिनोन्‌महिने कोणी फिरकलं नाही, तर तिथे धोरणाचा प्रश्न संपला आणि निष्काळजीपणा सुरू झाला. राजकोटच्या निकालाला वळसा घालायची वाट हीच आहे.

खड्डे आणि मॅनहोलबाबत मुंबई उच्च न्यायालय बरंच पुढे गेलंय. चांगले रस्ते हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं त्याने सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाल्यास सहा लाख, जखमींना इजेनुसार पन्नास हजार ते अडीच लाख भरपाईचा आदेश दिला. दिवाणी दाव्याचा हक्क त्याहून वेगळा.

माधवी_ठाणे

सगळ्यांचे खूप आभार. धाग्याची छापील प्रत घेऊन सभेत जाणार आहे. एक शेवटचं. त्या मुलाला पाच हजार देताना “यापुढे माझी काही मागणी नाही” अशा कागदावर सही घ्यायची, असं कमिटीत घाटतंय. आणि त्याच्याकडे वकील करायला पैसे नाहीत. मी कमिटीवर असताना त्याला मार्ग सांगणं योग्य आहे का?

अ‍ॅड_सातारकर

योग्य आहे. त्याला त्याचा हक्क सांगितल्याने सोसायटीचं काही बिघडत नाही. गरजेपोटी घेतलेली तसली सही उद्या कोर्टात सोसायटीलाच वाईट दिसेल. “हक्क अबाधित ठेवून” असं पत्रात लिहून हॉस्पिटलचं बिल आणि बुडालेली कमाई द्या, त्याने जबाबदारी कबूल केली असं होत नाही. त्याच्याशी बसून रक्कम ठरवलीत तर कोर्टाची पायरी दोघांनाही चढावी लागणार नाही.

नाहीच जमलं, तर त्याने तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं, बहुतेक ठिकाणी ते कोर्टाच्या आवारातच असतं. उत्पन्न मर्यादेत असेल तर वकील मोफत मिळतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अटही नाही. कोर्ट फी भरण्याची ऐपत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन म्हणून दावा लावता येतो. क्लाइडकाठ यांनी सांगितलेली ती बाई पेस्लीहून अशाच वाटेने गेली होती.

मुदत सांभाळा. अशा इजेच्या दाव्याला साधारण तीन वर्षं धरतात. माणूस दगावला असेल तर वारसांना दोन. महापालिकेवर दावा असेल तर गणित वेगळं: आधी एक महिन्याची नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. झाडाच्या आणि खड्ड्याच्या कितीतरी प्रकरणांत याच सहा महिन्यांनी घात केलाय. घटनेनंतर आठवड्याच्या आत पोलिसांत नोंद, दवाखान्याची मूळ कागदपत्रं आणि जागेचे फोटो एवढं त्याच्या हातात पाहिजे. छज्जा पाडण्याआधीचे फोटो तुमच्याच ग्रुपवर आहेत, ते कोणी डिलीट करू नये एवढं सभेत आधी बोला.

स्थापत्य_कोल्हापूर

आणि पाडायच्या आधी मोजमाप घेऊन ठेवा माधवीताई. चिरेची लांबी, सळईची जाडी किती उरली, पट्टी शेजारी धरून फोटो. ऑडिट करणाऱ्यालाही तेच लागेल. ठाण्यात कोणी मिळत नसेल तर निरोप पाठवा, मी येऊन बघून जाईन.